जुनी हवेची बंदूक व निशाणबाजीचा आनंद

आपल्या शाळेच्या कोठींत लाकडी दस्त्याची एक जुनी हवेची बंदूक कित्येक वर्षें पडून आहे. ती भंगारांत द्यावी, मुलांच्या हातीं बंदूक देणें ख्रिस्ती शाळेस शोभत नाहीं, असें कांहीं सूज्ञ पालकांचें म्हणणें आहे. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच वाटतो. परंतु त्यांचा निर्णय आम्हांस मान्य नाहीं.

ही बंदूक बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची आहे. तीन बंदुका एकमेकींस टेकवून उभ्या केल्याची त्या कारखान्याची खूण तिजवर अजून दिसते. लिंकन जेफ्रीज ह्यांच्या रचनेवरून तेथें १९०५ सालीं अशा बंदुका होऊं लागल्या. नळीखालची तरफ ओढली म्हणजे आंतील पोलादी स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच दट्ट्या पुढें धांवतो, त्याच्यापुढील हवा कोंडली जाते व ती छऱ्यास बाहेर लोटते. दारू नाहीं, धूर नाहीं, मोठा आवाजही नाहीं. मात्र ह्यांत एक खोंच आहे. छर्रा नळीच्या तोंडाशीं पोंचण्यापूर्वींच दट्ट्याच्या धक्क्यानें सारी बंदूक मागेंपुढें हालते. म्हणून जो ती आवळून धरतो त्याचे छर्रे कागदभर विखुरतात. आणि जो ती तळहातावर नुसती विसावूं देतो, दर खेपेस अगदीं तशीच विसावूं देतो, त्याचे छर्रे एकमेकांच्या भोकांत शिरूं लागतात. हल्लींच्या स्पर्धांतील बंदुकांत हवा नळकांड्यांत आधींच दाबून भरलेली असते. त्यांस हा धक्का जवळजवळ नसतो. त्या उत्तम खऱ्याच. पण त्यांची किंमत लाखांच्या घरांत जाते, आणि मुलाचा उतावीळपणा ही म्हातारी बंदूक जितका उघडा पाडते तितका त्या पाडीत नाहींत.

इंग्लंडच्या मध्यभागांतील कामकरी लोकांत हिचा एक मोठा गमतीचा खेळ रूढ झाला. लोखंडी पत्र्यास बोटभर छिद्र, त्यामागें घंटा, व नेमबाज सहासात यार्डांवर. छर्रा छिद्रांतून गेला कीं घंटा वाजे. दिवसभर कारखान्यांत राबलेला मनुष्य संध्याकाळीं त्या एका नादासाठीं श्वास रोखून उभा राही, हें आम्हांस मोठें समजण्यासारखें वाटतें. आपल्याकडे जत्रेंत फुगे फोडणारांस ह्या आनंदाची चव ठाऊक आहे. मात्र तेथील बंदुकीची नळी मालकानें मुद्दाम वांकविलेली असते, असें नेम चुकलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो!

आतां मुख्य आक्षेप. मुलाच्या हातीं हवेची बंदूक आली कीं पहिली चिमणी मरते, हें खोटें नाहीं. सुमारें १९०८ सालीं मुंबईंत सालिम अली नांवाच्या मुलानें अशाच खेळांतल्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून तो ती घेऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड ह्यांजकडे गेला. त्यांनीं त्यास संग्रहांतील पक्षी दाखविले, व तेथून भारताचा एक थोर पक्षिशास्त्रज्ञ निपजला. १९८५ सालच्या आपल्या आत्मचरित्राचें नांवही त्यांनीं त्या चिमणीच्या पडण्यावरूनच ठेविलें. कित्येक लोक ही गोष्ट बंदुकीच्या समर्थनार्थ सांगतात. आम्हांस ती तशी सांगवत नाहीं. बहुतेक मुलांच्या बाबतींत चिमणी मरते, आणि मिलर्डसाहेब भेटत नाहींत. चिमणी देखील ज्या पित्याच्या ध्यानाबाहेर पडत नाहीं असें प्रभूनें सांगितलें, त्याच्या लेंकरांनीं तिला निशाण करूं नये. ह्यास्तव मुलापुढें कागद ठेवावा. दहा मीटरांच्या स्पर्धेंतील निशाणाच्या मध्याचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्याशीं एकदां मन जडलें म्हणजे पिंपळावरील पाखरूं फार मोठें व फार सोपें वाटूं लागतें.

पुणेकरांस तर ह्या विद्येचें अगत्य अधिकच असावें. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बालेवाडीस क्रीडासंकुल उभें राहिलें. तेथें सराव केलेला कोल्हापूरकडील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ सालीं पॅरिसहून पन्नास मीटर रायफलीचें कांस्यपदक घेऊन आला. अंजली भागवत ह्या २००० सालीं सिडनी येथें हवेच्या बंदुकीच्या अंतिम फेरींत पोंचल्या होत्या. तेव्हां हा खेळ मुलग्यांचाच, असें कोणी समजूं नये. आपल्या विद्यार्थ्यांनीं तेथवर जावेंच असा आमचा हट्ट नाहीं. ज्याच्या घरीं नवी बंदूक घेण्याची ऐपत नाहीं त्यासही आठवड्यांतून दहा छर्रे लाभावेत, एवढेंच मागणें आहे.

दिवाणखान्यामागील दगडी भिंतीपाशीं, जुन्या वर्तमानपत्रांनीं ठासून भरलेली जाड लाकडी पेटी ठेवावी. शिक्षक समक्ष असावा. नेमबाजाच्या पुढें कोणीं जाऊं नये. शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणानें हात धुवावेत. बंदुकीच्या दट्ट्यावरील चामडी चकती वाळून गेली आहे. ती कोणीही चांगला चांभार कापून देईल. वर तेलाचा एक थेंब, अधिक नको.