खोक्यावरचे दोन हजार यार्ड

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलं, तेव्हा समोरचं टार्गेट किती लांब आहे हा प्रश्न त्याला पडलाच नाही. ते ५० मीटरवर होतं. नेहमी तिथेच असतं. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, बाकी सगळी लढाई श्वास, ट्रिगर आणि डोक्याची. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या किंग्ज प्राइझची फायनल तर ९०० आणि १००० यार्डांवर होते, पण तिथेही अंतर आधीच ठरलेलं. रेंजफाइंडर खिशात असला काय, नसला काय!

मग तुमच्या फीडमध्ये लाँग रेंज शूटिंगच्या रील्ससोबत लेझर रेंजफाइंडरच्या जाहिराती येतात, त्या कोणासाठी? अंतर माहीत नसलेल्यांसाठी. अमेरिकेत एनआरएल हंटर नावाच्या मॅचेस होतात. डोंगरउतारावर स्टीलच्या प्लेट्स लपवलेल्या असतात. चार मिनिटांत त्या शोधायच्या, अंतर मोजायचं, बसायला जागा करायची आणि गोळी झाडायची. तिथे हे यंत्र रायफलइतकंच महत्त्वाचं.

का ते बघा. .३०८ विंचेस्टर हे नेहमीचं काडतूस धरू. ३०० मीटरवर अंतराचा अंदाज १० मीटरने चुकला तर गोळी तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली लागते, चालून जातं. ९०० मीटरवर तीच चूक १५-२० सेंटिमीटरची होते, कारण तोवर गोळीचा वेग पार कमी झालेला असतो आणि ती तिरकी खाली येत असते. पूर्वी हे अंतर दुर्बिणीतल्या मिल-डॉटवरून काढायचे. एक मीटर उंचीची प्लेट २ मिल दिसली, तर अंतर ५०० मीटर. पण डोळ्याला ती १.८ वाटली की उत्तर थेट ५५५ येतं. लेझरने हा घोळ संपवला: प्रकाशाचा स्पंद पाठवायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा. एक किलोमीटर जाऊन यायला त्याला जेमतेम ६.७ मायक्रोसेकंद लागतात.

आता खरी गोम. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२००० यार्ड’ लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण तो चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या पाटीचा असतो. रस्त्यावरचे साइनबोर्ड मोजायला कोणी एवढे पैसे घालत नाही. त्याच माहितीपत्रकात बारीक टायपात झाडाचा आकडा वेगळा असतो आणि हरणाचा आणखी कमी, बऱ्याचदा मोठ्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात भर दुपारचं ऊन असेल तर तेवढंही मिळत नाही. त्यामुळे तुलना करायची तर सगळ्यात लहान आकड्यांची करा. तो छापलेलाच नसेल, तर माझ्या मते ते मॉडेल तिथेच सोडावं.

दुसरी गोष्ट जाहिरातीत जवळपास कधीच नसते: किरण किती पसरतो. लेझर म्हणजे सुईसारखी सरळ रेघ, हा सिनेमाने करून दिलेला समज. दोन मिलिरेडियन पसरणारा किरण १००० मीटरवर दोन मीटर रुंद होतो. तुमची प्लेट अर्ध्या मीटरची. मग यंत्र नक्की काय मोजतं? पुढचं गवत, मागचा बांध की प्लेट? आकडा तर दशांश चिन्हासकट झळकतो, त्यामुळे आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. इथेच गोल्फवालं मॉडेल स्वस्तात घेणारे फसतात. गोल्फमध्ये झेंडा पुढे आणि झाडी मागे, म्हणून ते यंत्र सगळ्यात जवळची वस्तू निवडतं. रानात सगळ्यात जवळ असतं गवत. शूटिंगसाठी लांबची वस्तू निवडायची सोय हवी आणि किरण अरुंद हवा.

तरंगलांबीचाही फरक पडतो. बहुतेक परवडणारी यंत्रं ९०५ नॅनोमीटरवर चालतात, कारण त्याचे सिलिकॉन सेन्सर स्वस्त. महागडी यंत्रं १५५० च्या आसपास. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्यात जास्त ताकद वापरता येते. कुठलंही घ्या, ‘क्लास १’ लिहिलेलं असल्याशिवाय हात लावू नका. यात तडजोड नाही.

या बाजाराला आता सैन्याची हवा लागली आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने एक्सएम१५७ या रायफल-दुर्बिणीचं कंत्राट व्हॉर्टेक्सला दिलं: दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत नग, कमाल रक्कम २.७ अब्ज डॉलर. लेझर रेंजफाइंडर, हवेचा दाब-तापमान मोजणारे सेन्सर आणि गणित करणारा कॉम्प्युटर, सगळं एकाच नळीत. अंतर मोजून लगेच ‘इतकं वर धरा’ सांगणारी यंत्रं नागरी दुकानांतही मिळतात. ‘बटण दाबा, बुल्सआय मारा’ ही भाषा तिथूनच आलेली.

पण त्या बटणाला एक गोष्ट कळत नाही, वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा याच .३०८ च्या गोळीला १००० यार्डांवर दोन मीटरहून जास्त ढकलतो. तुमच्याजवळचा वारा एक, दरीतला दुसरा, प्लेटपाशी तिसरा. लेझरने वाटेतला वारा मोजायचा प्रयत्न अमेरिकेच्या डार्पा संस्थेने ‘वन शॉट’ प्रकल्पात केला, तरी दुकानातला सर्वसाधारण रेंजफाइंडर अजून वाटेतला वारा सांगत नाही. अंतराची चूक १५ सेंटिमीटरची आणि वाऱ्याची दोन मीटरची असेल, तर जास्तीचे पैसे महागड्या मॉडेलवर घालायचे की काडतुसांवर आणि सरावावर? मी सराव म्हणेन.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी सोपा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा विषयच उरत नाही. एनसीसी असो की क्लबची रेंज, अंतर ठरलेलं. नेमबाज व्हायचं असेल तर हे बजेट चांगलं जॅकेट, बूट आणि कोचच्या फीकडे वळवा. सर्व्हे, पक्षीनिरीक्षण किंवा ट्रेकसाठी यंत्र हवंच असेल, तर दुकानदाराला कोपऱ्यातली काच नाही, समोरचं काळपट झाड मोजून दाखवायला सांगा. तेही दुपारी बारा वाजता, आणि एकदा नाही, पाच वेळा. पाचही आकडे जवळजवळ सारखे आले तरच पाकीट काढा.