डोकं नव्हे, चहा!

दोस्तांनो, मागच्या महिन्यात तुमच्यापैकी दोघा-तिघांनी पत्रातून एकच प्रश्न विचारला होता. "परदेशी भाषा शिकून पुढं करायचं काय?" उत्तर द्यायला मी बसलोच होतो, तेवढ्यात माझी भाची वर्षभर जर्मनीत राहून परत आली. म्हटलं, आपण कशाला सांगा, हिलाच विचारू.

भाची सोलापूरची. घरात मराठी, शेजारी विणकरांच्या घरी तेलुगू आणि बाजारात कन्नड. "मामा, मला तीन भाषा येतात हे कॉलेजात जाईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी फक्त शेजाऱ्यांशी बोलतेय!" बारावीनंतर ती पुण्याला आली आणि कॉलेज सांभाळून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकू लागली. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-वनपासून सी-टूपर्यंत. हिनं बी-टू, म्हणजे चौथी पायरी गाठली. मार्क झकास. आता काय, जर्मनी जिंकलीच म्हणायची!

जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करभरती थांबवली. लष्करात जायला नकार देणारी मुलं तोवर त्याऐवजी इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत काम करत. तीही येईनाशी झाली. म्हणून त्याच वर्षी सरकारनं स्वयंसेवकांची योजना काढली. तिचं नाव 'बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट'. एका दमात म्हणून बघा! साधारण वर्षभर काम करायचं. पगार नाही, हातखर्चाला पैसे मिळतात. बाहेरच्या देशांतली मुलंही व्हिसा काढून जाऊ शकतात.

भाची गेली उत्तरेकडच्या एम्डन गावी, एका वृद्धाश्रमात. (१९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणाऱ्या जर्मन युद्धनौकेला याच गावाचं नाव होतं.) दुसऱ्याच दिवशी फजिती. नव्वदीच्या एक आजी, विस्मरणाच्या आजारानं खाटेला लागलेल्या, सारख्या "कॉप्के, कॉप्के" म्हणत होत्या. हिनं शिकलेल्या जर्मनमध्ये 'कॉप्फ' म्हणजे डोकं. झालं! आजींचं डोकं दुखतंय म्हणून ही धावत नर्सला घेऊन आली. नर्स हसून म्हणाली, "अगं, त्यांना कपभर चहा हवाय!"

आजी बोलत होत्या ती होती प्लाटडॉइच, उत्तर जर्मनीची जुनी बोली. पुस्तकी जर्मनमध्ये सफरचंद 'आप्फेल', बोलीत 'आप्पेल'. पाणी पुस्तकात 'वासर', बोलीत 'वाटर'. इंग्रजी शब्द आठवा बरं, बोलीच इंग्रजीला जवळची निघते की नाही? बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडं 'प'चा 'प्फ' आणि 'ट'चा 'स' होत गेला, उत्तरेकडं तो झालाच नाही. ही बदलांची साखळी १८२२ मध्ये याकोब ग्रिम यानं नीट मांडून दाखवली. होय, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकीच थोरला! त्यांच्या १८१२ च्या संग्रहातली कोळी आणि त्याच्या हावरट बायकोची गोष्ट याच बोलीत छापलेली आहे.

आजींची शाळेतली जर्मन निसटून गेली होती, लहानपणची बोली तेवढी राहिली होती. तिथं काम करणाऱ्या कितीतरी जणी दुसऱ्या देशांतून आलेल्या, त्यांना ती कुठून कळणार? भाचीनं वही घातली. रोज पाच शब्द. मोबाईलवरच्या भाषांतराचाही प्रयोग केला, पण आजींच्या बोलण्याचं त्यानं काहीतरी भलतंच केलं. मग चहानंच मदत केली. तिकडं कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा टाकतात आणि वरून कढत चहा ओततात. खडा तडकला की तो आवाज कान देऊन ऐकतात. त्यावर चमचाभर साय, आणि ढवळायचं नाही! पाहुण्यानं तीन कप तरी घ्यायचेच. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर चौथा येतो. एका दुपारी ही चहा देताना बोलीत दोन वाक्यं बोलली, तेव्हा आजींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

फेब्रुवारीत आजी गेल्या. "शेवटच्या आठवड्यात त्या खूप बोलल्या, मामा. मला अर्धंही कळलं नाही." हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी पुढं विचारलं नाही.

आता नोकरीचं. जाताना तिला चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीत दुभाषी व्हायचं होतं. आता म्हणते, दवाखान्यात दुभाषी व्हायचंय, डॉक्टरची भाषा एक आणि रोग्याची दुसरी असते तिथं. "अशी नोकरी आपल्याकडं असते का?" मी विचारलं. "फारशी नाही." तिची आई, म्हणजे माझी ताई, लगेच म्हणाली, "मग बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर!" शेवटी दोन वर्षांची मुदत ठरली. तोवर भाची सी-वनची तयारी करणार आणि जर्मनीला निघालेल्या नर्सेसना शिकवणार. त्यांना तिथं बी-टूपर्यंतची भाषा लागते. पहिल्याच तासाला तिनं 'कॉप्के'ची गोष्ट सांगितली म्हणे.

पालकांसाठी दोन शब्द. अशा योजनेत मुलांना पाठवायचं तर अठरा पूर्ण होऊ द्या. विमानभाडं, विमा आणि राहण्याचा खर्च कोण करणार, हे आधी लेखी मागा. आणि "एवढे लाख भरा, जागा पक्की" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करा.

भाचीनं आता नवी वही घातली आहे. रोज संध्याकाळी ती आमच्या आईजवळ, म्हणजे तिच्या आजीजवळ बसते. फडताळ, उतरंड, शिंकाळं... पहिलं पान भरलंसुद्धा. यातलं तुम्हांला काय काय माहीत आहे? तुमच्या आजी-आजोबांना विचारून असे पाच शब्द अर्थासकट आम्हाला पाठवा. निवडक शब्द पाठवणाऱ्यांच्या नावानिशी इथंच छापू.