आधी भाकरी, मग पुडा



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही वस्तीतल्या लोकांचं बीपी आणि शुगर तपासतो. एका रविवारी पन्नाशीच्या आतली एक माउली आली. पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. शुगर तीनशेच्या वर निघाली, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मांडीवर नातू, त्याच्या हातात पाच रुपयांचा पुडा. म्हणाली, "काय करावं ताई, हे लेकरू भाकरीला तोंडच लावत नाही. पुडा दिला की गप बसतंय."

आम्ही तिच्यावर रागावलो नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या आपल्या बाया सोयाबीन कापायला, हळद काढायला दिवस उजाडायच्या आत घर सोडतात. लेकराच्या हातावर दहा रुपये ठेवणं ही त्यांची माया आहे. आणखी एक गोष्ट आहे. ज्यांच्या आजा-पणजांना गावात शिळे तुकडे मागावे लागले, ज्यांच्या आई-बापांनी 1972 च्या दुष्काळात कामावर मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले, त्यांना "कमी खा" म्हणणं सोपं नाही. आता कुठं हाती दोन पैसे आले, लेकरानं समोसा, चायनीज खाल्लं, तर बिघडलं कुठं? हा प्रश्न आम्हालाही विचारला जातो आणि तो रास्त आहे.

त्याचं उत्तर धम्मातच आहे. आळवी गावात एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी तथागतांकडे आला. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मग उपदेश केला. दुसरीकडे कोसलचा राजा प्रसेनजित पोट तडस लागेपर्यंत जेवून धापा टाकत आला, तेव्हा तथागतांनी त्याला जेवणाची मात्रा शिकवली. राजानं हळूहळू आहार कमी केला आणि अंगानं हलका झाला. उपाशी माणसाला भाकर आणि भरल्या ताटाला मात्रा, असा हा धम्म आहे.

आमचं म्हणणं असं की आज आपल्या एकाच घरात हे दोघंही बसलेले आहेत. पुड्यानं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. त्यात मीठ आणि तेल भरपूर, प्रथिनं आणि लोह नावापुरतं. भूक मात्र मरते, म्हणून लेकरू भाकरीला नाही म्हणतं. म्हणजे लेकरू खातं राजासारखं आणि राहतं उपाशी.

थोडा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एक छोटा चमचा, त्यात भाजी, लोणचं, पापड सगळं आलं. वरून घेतलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी. कोल्ड्रिंकच्या अडीचशे मिलीच्या एका बाटलीतच साधारण तेवढी साखर असते. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला. हा आता फक्त श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

मग गाडे बंद करायचे का? मुळीच नाही. गाड्यावर उभी असलेली बरीच पोरं आपलीच आहेत, त्यांची चूल त्यावर पेटते. त्यांना एवढंच सांगू : काळं पडलेलं, फेसाळणारं तेल पुन्हा चढवू नका, आणि भजे पेपरात बांधू नका, शाई पोटात जाते. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या 50 मीटरमध्ये असे जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षेच्या नियमानं मनाई आहे. पालकांनी शाळेत जाऊन हे विचारलं पाहिजे.

घरात एकच नियम करा : आधी भाकरी, मग पुडा. तोही आठवड्यातून एक दिवस ठरवून, भावंडांत वाटून. रोजच्या दहा रुपयांत फुटाणे, शेंगदाणे, नाहीतर एखादं अंडं किंवा केळी येते. रात्रीच ज्वारीची एक भाकर आणि घट्ट बेसन बाजूला झाकून ठेवलं, तर सकाळी लेकरू रिकाम्या पोटी दुकानाकडे पळणार नाही. विहारातल्या बालवर्गात पुडे वाटण्याऐवजी उसळ द्यावी, आणि जयंतीला कोल्ड्रिंकच्या जागी ताक ठेवावं, असं आम्ही विहार समित्यांना सुचवतो.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं बीपी-शुगर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते, आशाताईला विचारा. मधुमेह सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तर तो घात करतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटची काही वर्षं त्या आजारानं त्यांचे हाल केले, तरी ते आपल्यासाठी लिहीत राहिले. त्यांनी आपल्याला शिकायला सांगितलं. मग आपल्या ताटाबद्दलही शिकू या. त्या माउलीची जखम आता भरत आली आहे. ती गोळ्या घेते, रोज चालते. नातू अजून पुडा मागतो. पण आधी भाकर खातो.