बुडालेल्या दिवसांचा अभ्यास

प्रत्येक मुलाला आपापल्या गतीने शिकता यावे, अशी सोय डिजिटल पाठांनी करता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याइतकी तिची निकड फार थोड्या ठिकाणी असेल. इथे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत या नदीकाठाला पाण्याचा वेढा पडला, घरदार सोडावे लागले, शाळा बंद राहिल्या. पाणी ओसरले की वर्ग पुढच्या धड्यावर जातो. मागे राहिलेले मूल मागेच राहते. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांवर तर ही वेळ दर हंगामात येते.

नेमके काय राहिले, हे वर्गात सहज कळत नाही. 42 मधून 17 वजा करताना एखादे मूल 35 लिहिते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ते 7 मधूनच 2 वजा करते. या मुलाला शंभर गणिते घालून उपयोग नाही. त्याला दशक सुटा करायला शिकवले पाहिजे. चांगला डिजिटल पाठ ही चूक ओळखतो, मुलाला एक पायरी मागे नेतो आणि ती पक्की झाल्यावरच पुढे सोडतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये मांडलेल्या प्रभुत्व-अध्ययनाचे सूत्र हेच होते.

दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पाठांमुळे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. मात्र तिथे 45 मिनिटे संगणकावर सराव आणि तितकाच वेळ लहान गटात शिक्षकाची मदत, अशी जोड होती. ही जोड विसरून नुसते टॅब वाटणे म्हणजे पैशाची नासाडी.

महाराष्ट्राची तयारी शून्य नाही. ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचे डिजिटल व्यासपीठ 2017 पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. पण कोड स्कॅन केल्यावर सगळ्यांना तेच साहित्य दिसते. मूल कुठे अडले, हे त्या साहित्याला कळत नाही.

म्हणून इंटरनेटविना चालणारे पाठ, शाळा सुरू होताच छोटी चाचणी, रोज एक राखीव तास आणि टोळीबरोबर दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलासोबत त्याच्या प्रगतीची नोंद, एवढे तरी हवेच. पुढच्या पावसाळ्याआधी कोल्हापूर जिल्हा परिषदेने शिरोळच्या नदीकाठच्या शाळांपासून ही सुरुवात करावी.