जाताना दहा तास, येताना नऊ

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांपाशी उभं राहिलं की दक्षिणेला जुहूच्या बाजूने समुद्रावर झेपावणारी विमानं दिसतात. चाकं पोटात घेतात नि धुरकटात दिसेनाशी होतात. त्याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले. सकाळी निघाले, पोचायला दुपार झाली. आज तेवढ्या वेळात माणूस लंडनची अर्ध्याहून अधिक वाट कापतो. लंडन इथून सरळ मापलं तर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना तासभर कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा जाताना अंगावर येतो, परतताना पाठीशी असतो. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या गावच्या. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या आईला हा हिशेब कुणीतरी शेजारी बसून, कागदावर मांडून समजावायलाच हवा. मधुमेहाच्या गोळ्या विमानात नेमक्या कधी घ्यायच्या, तेही डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर, ठळक अक्षरात लिहून द्यावं.