आरोप कंपनीचा, पुरावा कंपनीचा आणि निकालही कंपनीचाच!

नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने असंख्य घरांतील एक्सबॉक्स ३६० ही यंत्रे आपल्या इंटरनेट सेवेतून एका फटक्यात बाहेर काढली. टीव्हीला जोडून गेम खेळायचे हे यंत्र, म्हणजे कन्सोल. त्यात फेरफार करून चोरीच्या प्रती चालवल्या जातात, हा आरोप. कंपनीने नेमका आकडा जाहीर केला नाही. बातम्यांत सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंतचे अंदाज आले. नोटीस नाही, खुलासा मागितला नाही, सुनावणी नाही. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर जो संदेश दिसला, तोच निकाल!

पैसेवाल्यांच्या पोरांचे हे खेळ, त्यांच्याशी आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न खेळाचा नाही. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूची चावी विकणाऱ्याच्याच खिशात राहणार काय, आणि आरोप करणाराच शिक्षा सुनावणार काय, हा प्रश्न आहे. ऐकून न घेता दिलेली शिक्षा कशी असते, हे या पानाच्या वाचकांना कोणी शिकवायला नको.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. चोरीचे समर्थन या लेखात कोणी शोधू नये. एका गेममागे अनेक माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. त्या मेहनतीवर डल्ला मारून धंदा करणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे. वाद कारवाईच्या पद्धतीबद्दल आहे.

ही चोरी पकडली कशी जाते? सोनी कंपनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मूळ तबकडीवर एक सांकेतिक खूण असे. घरगुती यंत्राने प्रत काढली की ती खूण उतरत नसे आणि खूण सापडली नाही की गेम सुरू होत नसे. मग मॉडचिप आली. हा छोटासा तुकडा आत जोडला की यंत्राला खूण मिळाल्याचे भासे. सोनी न्यायालयात गेली. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ६ ऑक्टोबर २००५ रोजी सोनीच्या विरोधात निकाल दिला. ही खूण प्रत काढणे थांबवत नाही, काढलेली प्रत फक्त चालू देत नाही. म्हणून त्यावेळच्या कायद्याचे संरक्षण तिला मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परदेशात रीतसर विकत घेतलेला गेमही त्याच कुलुपामुळे अडत होता, हेही या खटल्यात पुढे आले. निकाल गैरसोयीचा ठरला. अमेरिकेशी झालेल्या व्यापार कराराच्या दबावाखाली ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये कायदाच बदलला.

तोपर्यंत कंपन्यांच्या हाती न्यायालयापेक्षा वेगवान हत्यार आले होते. ते म्हणजे इंटरनेट. एक्सबॉक्स ३६० मध्ये लोकांनी डीव्हीडी ड्राइव्हच्या आतली आज्ञावलीच बदलली. ड्राइव्ह नकली तबकडीलाही अस्सल म्हणू लागला. पण यंत्र इंटरनेटला जोडले की कंपनीचा सर्व्हर त्याची तपासणी करू शकतो आणि प्रत्येक यंत्राची ओळख वेगळी असल्याने नेमके तेच यंत्र बाद करू शकतो. ही बंदी एकेकट्यावर न घालता बऱ्याचदा लाटेसारखी, एकदम घातली जाते. त्यामुळे नेमक्या कोणत्या तपासणीत आपण सापडलो, हे फेरफार करणाऱ्यांना कळत नाही. अर्थात निर्दोष माणसालाही ते कळत नाही!

निन्टेन्डोच्या स्विच या २०१७ च्या कन्सोलची पद्धत आणखी नेमकी आहे. प्रत्येक गेम-कार्डात कंपनीने सही केलेले, त्या एकाच कार्डाचे स्वतंत्र डिजिटल प्रमाणपत्र असते. कार्डाची प्रत काढली की प्रमाणपत्राचीही प्रत निघते. एकच प्रमाणपत्र दोन ठिकाणांहून सर्व्हरपुढे आले की कंपनीला संशय येतो.

आता वकील म्हणून मी विचारतो, यातून सिद्ध काय झाले? एका कार्डाची प्रत निघाली, एवढेच. ती कोणी काढली? समजा, एकाने कार्ड घेतले, प्रत काढून ठेवली आणि कार्ड जुन्या बाजारात विकले. ज्याने ते पैसे मोजून घेतले, त्याच्या हातात अस्सल वस्तू आहे. सर्व्हरला मात्र दोघेही सारखेच. ही केवळ कल्पना नव्हे. जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आल्यावर, जुनी कार्डे विकत घेणाऱ्या एका ग्राहकाच्या यंत्रावर बंदी आल्याची बातमी आली. त्याने कार्डांचे फोटो आणि खरेदीचे पुरावे कंपनीला दाखवले, तेव्हा बंदी उठली. म्हणजे ऐकून घेतले असते तर शिक्षा झालीच नसती. इथे शिक्षा आधी आणि सुनावणी नंतर. तीही धडपड करणाऱ्यालाच मिळते.

दुसरा अन्याय यंत्राला शिक्षा देण्याचा. माणूस ते यंत्र विकून मोकळा होतो, बंदी यंत्राबरोबर पुढच्या घरात जाते. जुन्या बाजारात खरेदी कोण करतो? ज्याला नवे परवडत नाही, तो! फेरफार करणारा सुटतो आणि गरीब ग्राहक अडकतो.

न्यायालयाचे दार तरी उघडे आहे काय? एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने करारातून सामूहिक दाव्याचा हक्क काढून घ्यायला वाट करून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोनीने आणि डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपापल्या करारात तशी कलमे घातली. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतील करारात फेरफार केलेले यंत्रच कायमचे निकामी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

हेच आरोप खुल्या न्यायालयात गेले की काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील एका विद्यार्थ्यावर एक्सबॉक्समध्ये फेरफार करून दिल्याचा फौजदारी खटला डिसेंबर २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात उभा राहिला. पहिल्याच टप्प्यात न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना धारेवर धरले. एका साक्षीदाराने बचाव पक्षाला आधी न कळवलेली बाब साक्षीत सांगितली आणि सरकार पक्षाला खटला मागे घ्यावा लागला. सर्व्हरच्या खोलीत ना उलटतपासणी असते, ना न्यायाधीश.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र हक्कभंग करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि तोही न्यायालयात. कंपनीच्या बंदीला हेतूशी देणेघेणे नाही. कंपन्या म्हणतील, आम्ही सरकार नाही, ग्राहकाने करार मान्य केला आहे. कसला करार? ‘मान्य आहे’ हे बटण दाबले नाही तर हजारो रुपयांची वस्तू निरुपयोगी! १९८६ मध्ये ब्रोजो नाथ गांगुली प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बलाढ्य पक्षाने दुबळ्यावर लादलेली अन्यायकारक कलमे अमलात आणायला नकार दिला. ते प्रकरण नोकरीचे होते, पण तत्त्व व्यापक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर ‘अनुचित करार’ ही व्याख्याच आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. या तरतुदीचा वापर आपल्या तरुण वकिलांनी केला पाहिजे.

मागणी साधी आहे. बंदीपूर्वी कारणासह नोटीस द्या. कंपनीबाहेरच्या व्यक्तीकडे अपिलाची सोय ठेवा. जुने यंत्र घेण्याआधी त्यावर बंदी आहे की नाही, हे अनुक्रमांकावरून कोणालाही तपासता आले पाहिजे. आणि दोष सिद्ध झाला तरी रीतसर विकत घेतलेल्या गेमला हात लावू नका. चोर पकडण्याचा हक्क कंपनीला जरूर आहे. पण त्याला शिक्षा देणारे न्यायालय कंपनीच्या मालकीचे असता कामा नये!