एकुलत्या एका प्रतीचा प्रवास

औंढा नागनाथाची महाशिवरात्रीची यात्रा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दीडशे वर्षांहून अधिक परंपरेचा दसरा, नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनासाठी एकादशीला लोटणारा जनसमुदाय आणि लग्नसराईत वसमत, कळमनुरी, सेनगावच्या मंगल कार्यालयांतून एकामागून एक लागणारी लग्ने, या सर्वांचे चित्रण करून प्रपंच चालविणारा एक मोठा व्यावसायिक वर्ग आज आपल्या जिल्ह्यात उभा राहिला आहे. हा वर्ग कर्ज काढून दीड-दोन लाखांचा कॅमेरा घेतो, भिंगांची पारख करतो, ड्रोनही बाळगतो. परंतु दिवसभराचे चित्रण कॅमेऱ्यातून संगणकात नेण्याचे काम ज्याच्यावर सोपवायचे, तो कार्ड रीडर मात्र मोबाइलच्या दुकानातून शे-दोनशे रुपयांत, नाव-गाव न पाहता उचलतो. ही प्रथा चुकीची आहे, आणि तिचे नुकसान शेवटी ज्यांच्या घरचे कार्य असते त्यांना सोसावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही फितीच्या काळात मिक्सिंग झाल्यावरही मूळ फीत कपाटात शिल्लक राहत असे. काही बिघडले तर ती पुन्हा काढता येई. कार्डाचे तसे नाही. ते महाग असल्यामुळे पुढच्या तिथीच्या आदल्या रात्री खाली करून फॉरमॅट केले जाते, आणि एकदा त्याच्यावर नवे चित्रण उमटले की आदल्या लग्नातील कन्यादान परत मिळविण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही. कार्डातून हार्ड डिस्कवर जाण्याचा जो अर्धा-पाऊण तास, तेवढ्या अवधीत त्या कार्याचा एकुलता एक दस्तऐवज एका बोटभर उपकरणाच्या हवाली असतो.

रीडर निवडताना बहुतेकांची नजर वेष्टनावरील वेगाच्या आकड्यावर खिळते, म्हणून त्या आकड्याचा तपशील पाहणे आवश्यक आहे. सेकंदाला शंभर मेगाबिट या दराने केलेले फोर-के चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी होते. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांत भरते. यूएसबी २.० च्या जुन्या रीडरमधून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबीच मिळत असल्यामुळे ते कार्ड रिकामे होण्यास तासभर लागतो. यूएचएस-१ जातीच्या चांगल्या रीडरमधून पंचवीस मिनिटे लागतात. आणि कार्ड व रीडर दोन्ही यूएचएस-२ जातीचे, म्हणजे ज्यांना संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते असे, घेतल्यास तेच काम आठ-दहा मिनिटांत आटोपते. यूएचएस-१ ची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी व यूएचएस-२ ची ३१२ एमबी ठरलेली आहे. काही यूएचएस-१ कार्डांवर १७० किंवा २०० असे आकडे छापलेले असतात. पण तो वेग त्या कंपनीच्या स्वतःच्या किंवा तशा खास रीडरमध्येच मिळतो, साध्या रीडरमध्ये तेच कार्ड शंभराच्या आतच राहते. कार्डावरचे व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे शिक्के लेखनाच्या किमान वेगाचे आहेत, वाचनाचा वेग त्यावरून ठरत नाही.

परंतु धरणातून कितीही पाणी सोडले तरी शेवटच्या शेतात पोहोचते ते चारीच्या रुंदीइतकेच. ज्याची नक्कल फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर उतरते, त्याला बहुधा सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या फारसे पुढे जाता येत नाही. त्याने महागड्या यूएचएस-२ रीडरसाठी पैसे मोजण्याआधी एक एसएसडी घ्यावी. ज्याच्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस कार्ड आहे, त्याने टाइप ए आणि टाइप बी यांचे आकारच भिन्न आहेत हे ध्यानात ठेवून आपल्याच जातीचा, सेकंदाला दहा गिगाबिटचा रीडर पाहावा. आणि केबलकडे दुर्लक्ष करू नये: मोबाइल चार्ज करण्याची टाइप-सी केबल दिसायला तशीच असली तरी ती बहुधा यूएसबी २.० चीच असते, व तिच्यामुळे उत्तम रीडरही जुन्या गतीने रखडत चालतो.

वेगापेक्षाही मला भरवशाची काळजी अधिक वाटते. खोबणीत कार्ड ढिले बसणे, हात लागताच जोडणी तुटणे, लांबलचक नकलेत उपकरण तापून मध्येच गप्प होणे, हे दोष वेष्टनावर छापलेले नसतात; ते दुकानात स्वतःचे भरलेले कार्ड नेऊन, पूर्ण नक्कल होईपर्यंत थांबूनच कळतात, आणि तशी परवानगी न देणाऱ्या दुकानातून घेऊ नये. एसडी कार्डाच्या कडेला कुलपाची लहानशी कळ असते. तिची दखल घेणे हे रीडरचे काम असून, कळ सरकवल्यावरही जो रीडर कार्डावर लिहू देतो तो व्यवसायाला निरुपयोगी समजावा. ड्रोनच्या मायक्रोएसडीसाठी स्वतंत्र खोबण असलेला रीडर बरा. अ‍ॅडॉप्टर म्हणजे आणखी एक सांधा, आणखी एक संशय.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी कट-पेस्ट करणे म्हणजे मूळ दस्तऐवज स्वहस्ते विस्कळीत करणे होय. फाइली नेहमी कॉपीच कराव्यात, संगणकाला यूपीएस असावा, आणि नक्कल उतरल्यावर तिची मूळ कार्डाशी रुजुवात घ्यावी. त्यासाठी दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही क्लोन टूल आहे. ते प्रत करताना ताळा करून देते. ताळा जुळल्यावर दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत उतरेपर्यंत कार्डाला फॉरमॅटचा स्पर्शही होऊ देऊ नये.

माझा निर्णय असा की, साधे एसडी कार्ड वापरणाऱ्याने नामांकित कंपनीचा यूएसबी ३ चा रीडर, त्याच्यासोबत आलेल्या केबलसह, बिल घेऊन विकत घ्यावा व तसाच दुसरा बॅगेत राखीव ठेवावा. आणि ज्यांच्या घरी येत्या सराईत कार्य आहे, त्यांना विनंती आहे की, इसार देण्यापूर्वी ड्रोन आहे का हे जसे विचारता, तसेच चित्रणाच्या दोन प्रती होईपर्यंत कार्ड पुसले जाणार नाही ना, हेही विचारा. आणि त्यासाठी लागणारी जास्तीची डिस्क व वेळ यांचा मोबदला देताना घासाघीस करू नका.